मोटरहोमची स्टार्टर बॅटरी बदलताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

किल्ली फिरवली, समोरचे दिवे एकदम मंदावले आणि इंजिनाकडून नुसतं ‘कट-कट-कट’ ऐकू आलं. मागे गाडीतल्या राहत्या घराकडे मात्र सगळं आलबेल. दिवे लख्ख, पाण्याचा पंप बटण दाबताच घुरघुरतोय, भिंतीवरच्या पॅनेलवर बॅटरी 12.8 व्होल्ट. नव्याने मोटरहोम घेतलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. बॅटरी भरलेली दिसतेय, मग गाडी सेल्फ का घेत नाही?

कारण गाडी एक असली तरी संसार दोन आहेत. भिंतीवरचं पॅनेल सहसा आधी दाखवतं ती घराची बॅटरी, जिला लेझर (leisure) बॅटरी म्हणतात. दिवे, पंप, पंखे, हीटरचा ब्लोअर हे सगळं तिच्यावर चालतं. इंजिन फिरवणारी स्टार्टर बॅटरी वेगळी, दुसऱ्या कोपऱ्यात बसवलेली, आणि बिघडेपर्यंत कुणी तिची चौकशीही करत नाही. बऱ्याच पॅनेलांवर गाडीच्या बॅटरीचं वेगळं बटण असतं. ते दाबून बघायची सवय लावून घ्या.

दोघींचा पिंडही वेगळा. स्टार्टर बॅटरीत पातळ प्लेटा दाटीवाटीने बसवलेल्या असतात, म्हणजे दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअर देता येतात. पण तिला पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरवलेलं सोसत नाही. घराच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. ती तासन्‌तास थोडा थोडा करंट देते, पण तिच्याकडून एकदम मोठा झटका मागू नये. म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवण्याचा विचार सोडून द्या.

पान्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. साध्या मोटारीची बॅटरी बदललेल्याला वाटेल, यात काय मोठंसं. पण मोटरहोममध्ये या एका बॅटरीकडे चार वाटांनी करंट येतो आणि चौघे तिच्यावर गुपचूप जगत असतात. ते ओळखल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं ओघात येईलच.

आधी ठरवा, बॅटरीच गेलीय का?

माझी पहिली बॅटरी मी विनाकारण बदलली. नवी बसवली, किल्ली फिरवली, पुन्हा तेच कट-कट. दोष निघाला इंजिनापासून चेसिसकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. बोल्टखाली गंज चढला होता. तेव्हापासून मी आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, काढतो. साधा, स्वस्तातला चालतो.

गाडी निदान चार-सहा तास उभी असू द्या, शक्यतो रात्रभर. बाहेरच्या विजेची केबल काढलेली आणि सोलर बंद, नाहीतर चार्जरचाच आकडा दिसेल. मग बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे पाव. 11.8 वर ती रिकामीच समजा. एजीएम बॅटरी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) भरलेली असताना थोडा वरचा आकडा दाखवते.

आकडा कमी आहे एवढ्यावरून ती मेली असं ठरत नाही. ती नुसती उतरलेली असेल. योग्य चार्जरने पूर्ण भरा, मग रात्रभर सोडून पुन्हा मोजा. सकाळी 12.6 च्या वर टिकली तर अजून जीव आहे. काहीही जोडलेलं नसताना रात्रीत 12.3 वर घसरली तर एखादा सेल गेला. चार्जिंग करूनही 10.5 च्या आसपासच अडकली असेल तर संशयच नको: सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे.

दुसरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटर टोकांवर धरा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज 10 च्या वर राहिलं तर उत्तम. उबदार हवेत ते 9.6 च्या खाली गेलं, आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर तिची ताकद संपली.

तिसरी परीक्षा बहुतेक जण करत नाहीत, आणि माझं नुकसान तिथेच झालं. सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. पट्टे आणि पंख्यापासून वायर दूर राहील हे पाहा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी अर्थिंग खराब आहे. तसंच खुंटी आणि तिच्यावरचा क्लॅम्प यांच्यामध्ये मोजा. तिथे 0.2 च्या वर जायला नको. गेलं तर आधी घासून साफ करा, घट्ट करा, मग बॅटरीबद्दल बोला.

बॅटरी फुगलेली, तडा गेलेली, गळणारी असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मोजत बसू नका. चार्जही करू नका. आणि कडाक्याच्या थंडीत पूर्ण उतरलेली बॅटरी आत गोठलेली असू शकते. भरलेली सहसा गोठत नाही, पण रिकामीतलं आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं. गोठलेल्या बॅटरीला जंप (दुसऱ्या बॅटरीतून केबलने उसना करंट) किंवा चार्ज देणं धोक्याचं आहे.

ती आहे कुठे

मोटरहोम कुठल्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलं आहे, त्यावर हे ठरतं. घर बांधणारी कंपनी आणि खालची गाडी बनवणारी कंपनी वेगळी असते, म्हणून मॅन्युअल बघायचं ते खालच्या गाडीचं. 2006 नंतरच्या फियाट डुकाटोमध्ये बॅटरी केबिनच्या डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेत, मॅट आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असते. त्याच घडणीच्या प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन जम्परमध्येही तेच. मर्सिडीज स्प्रिंटरमध्येही ती पुढच्या फरशीखाली सापडते. फोर्ड ट्रान्झिटमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली. जुन्या गाड्यांत आणि काही लहान कॅम्परमध्ये सरळ बॉनेटखाली.

बॉनेट उघडल्यावर लाल टोपी घातलेला एक खांब दिसला तर लगेच ‘सापडली’ म्हणू नका. बॅटरी फरशीखाली असलेल्या गाड्यांत जंप स्टार्टसाठी वर एक खुंटी काढून दिलेली असते, ती ही.

सीटखाली बॅटरी असेल तर सीट पुढे-मागे सरकवावी लागते, कधी खोलावी लागते. फिरत्या सीटचा पाट मध्ये आला तर काम आणखी वाढतं. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या जोडण्या एअरबॅग आणि बेल्टच्या असतात. त्या सोडवायची वेळ आली तर स्वतः करू नका. ही जागा जाणकाराला पैसे देण्याची आहे.

नवी कोणती आणायची

जुन्या बॅटरीवरचं लेबल हाच तुमचा कागद. त्याचा फोटो काढा आणि हे जुळवा.

प्रकार: साधी ओली (आत मोकळं आम्ल असलेली), ईएफबी (तिचीच दणकट आवृत्ती) की एजीएम? सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यात ईएफबी किंवा एजीएम असते. तिच्या जागी साधी ओली बसवू नका. वर्ष काढणार नाही. साधीच्या जागी ईएफबी चालते. एजीएम बसवायची असेल तर गाडीचं चार्जिंग तिला मानवतं का, हे आधी बघा.

माप: युरोपीय धाटणीच्या बॅटऱ्यांची रुंदी साधारण 175 आणि उंची 190 मिलिमीटर ठरलेली असते, लांबी बदलते: 278, 315, 353. मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बहुधा 353 ची असते, 95 अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती साठतं त्याचं माप) आसपासची. फरशीखालचा खड्डा मापात कोरलेला असतो, तिथे ‘थोडी मोठी घेऊ’ चालत नाही. उंचीत फरक पडला तर झाकण पॉझिटिव्ह खुंटीला टेकेल, आणि झाकण पत्र्याचं असेल तर पुढचं सांगायला नको.

थंडीतली ताकद: सीसीए नावाचा आकडा, अँपिअरमध्ये. उणे 18 अंशांवर बॅटरी किती झटका देऊ शकते ते यावरून कळतं. जुनीइतका किंवा जास्त घ्या. कमी नको.

खुंट्यांची बाजू: खुंट्या तुमच्या जवळच्या कडेला ठेवून उभे राहा. पॉझिटिव्ह उजवीकडे की डावीकडे? उलट बाजूची बॅटरी आणली तर केबल पोहोचत नाही, आणि ओढून पोहोचवली तर कधीतरी घासून शॉर्ट होते.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून विचारणार नाही: वायूची वाट. चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. बॅटरी केबिनमध्ये असेल तर तिला एक बारीक नळी जोडलेली असते, ती फरशीतून बाहेर जाते. नव्या बॅटरीला ती नळी बसेल असं भोक हवं, आणि दुसऱ्या टोकाला भोक असेल तर ते बुजवायचं बूचही. जुनीचं बूच आणि कोपऱ्यातला जोड काढून ठेवा. नवीबरोबर ते मिळतातच असं नाही.

विकत घेताना दुकानातच व्होल्टेज मोजायला सांगा. 12.5 च्या खाली असेल तर ती बरेच दिवस पडून आहे, दुसरी मागा.

हाताशी काय हवं

बहुतेक वेळा क्लॅम्पला 10 चा आणि बॅटरी जागी धरून ठेवणाऱ्या खालच्या पकडीला 13 चा पाना लागतो. पकडीचा बोल्ट खड्ड्यात खोल असतो, तेव्हा सॉकेटला लांब एक्स्टेन्शन हवंच. बोल्ट खाली पडला तर काढायला चुंबकाची काठी. रबरी हातमोजे, चष्मा, तारेचा ब्रश, खायचा सोडा, पेट्रोलियम जेली, जुनी फडकी, मल्टिमीटर. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती क्षणात लाल होते, आणि बोट त्यातच असतं.

आम्ल डोळ्यात उडालं तर चोळू नका. वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. पाण्याची बाटली आधीच जवळ ठेवा.

करंटच्या वाटा बंद करणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

साध्या मोटारीत निगेटिव्ह काढला की वीज संपली. मोटरहोममध्ये तसं नाही. घराच्या बॅटरीचा निगेटिव्हही त्याच चेसिसला बांधलेला असतो. आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हमध्ये एक दुवा असतो, म्हणजे रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा चार्जर, ज्यातून इंजिन चालू असताना घराची बॅटरी भरते. हा दुवा कित्येक गाड्यांत दोन्ही दिशांनी चालतो: कुठल्याही एका बॅटरीचं व्होल्टेज 13.3 च्या आसपास चढलं की रिले दोघींना जोडून टाकतो. म्हणजे तुम्ही स्टार्टर बॅटरी उचलून बाहेर ठेवली, पण छपरावर ऊन आहे किंवा बाहेरची वीज चालू आहे, तर तुमच्या हातातला मोकळा लाल क्लॅम्प जिवंतच. तो बॉडीला टेकला की घराची पूर्ण भरलेली बॅटरी त्यातून ठिणग्या पाडते.

म्हणून या क्रमाने:

1. बाहेरच्या विजेची केबल काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही, केबलच काढा.

2. सोलर पॅनेल त्याच्या कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीमधलं चार्जिंग सांभाळणारं उपकरण) तोडा, त्याच्या स्विचने किंवा फ्यूज काढून. हे बॅटरीला हात लावायच्या आधी. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलेलं राहणं बऱ्याच कंट्रोलरना सोसत नाही. काही कंट्रोलरांतून स्टार्टर बॅटरीलाही एक बारीक तार गेलेली असते, तीही लक्षात ठेवा.

3. घराचा मुख्य स्विच बंद. पण हा स्विच बऱ्याचदा फक्त दिवे-पंप तोडतो, दुवा तसाच राहतो. म्हणून दोन बॅटऱ्यांमधल्या जाड लाल तारेवरचा फ्यूज शोधा, तो सहसा स्टार्टर बॅटरीजवळच असतो. नाही सापडला तर घराच्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि त्याला फडकं गुंडाळा. याला पाच मिनिटं जास्त लागतात, पण पुढचं सगळं काम निर्धास्त होतं.

4. फ्रिज 12 व्होल्टवर ठेवलेला असेल तर बंद करा. वायूवर आणि विजेवर चालणारा फ्रिज 12 व्होल्टवर 10 ते 15 अँपिअर खातो.

इतकं झाल्यावर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी. ऑटोमॅटिक असेल तर आधीच ‘पी’ मध्ये, कारण वीज गेल्यावर दांडा हलणार नाही. विजेची पायरी आत घ्या. रेडिओ जुना असेल तर त्याचा कोड हातात आहे ना पाहा. बॅटरीपर्यंत जायचं दार उघडं ठेवा आणि किल्ली खिशात. वीज जाता-येताना काही गाड्या स्वतःहून कुलूप लावतात. मी एकदा किल्ली सीटवर ठेवून बाहेर उभा होतो. त्या दुपारीबद्दल फार सांगत नाही.

इग्निशन बंद करून 15 मिनिटं थांबा. गाडीतले संगणक लगेच झोपत नाहीत, आणि एअरबॅगच्या यंत्रणेतही थोडा वेळ वीज साठलेली असते. तोवर बॅटरीचे चारी बाजूंनी फोटो घ्या. पॉझिटिव्हवर एकच तार नसते: गाडीची जाड केबल, फ्यूजची पेटी, घराकडचा दुवा, कधी अलार्म, कधी ट्रॅकर. कुठली कुठल्या बोल्टखाली आणि कुठल्या क्रमाने, हे दोन तासांनी आठवत नाही.

काढणं

पहिला निगेटिव्ह. हा क्रम का, हे एकदा समजलं की विसरत नाही. सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली आहे. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट. निगेटिव्ह आधी सुटला असेल तर तोच पाना टेकून काहीच होत नाही, आणि घराचा दुवा तुम्ही तोडलाच आहे.

निगेटिव्हच्या क्लॅम्पवर प्लॅस्टिकची छोटी पेटी आणि बारीक वायर दिसली तर तो बॅटरीचा सेन्सर. त्याला पेचकसाने उचकटू नका, नाजूक असतो. बोल्ट सैल करा आणि क्लॅम्प सरळ वर उचला. अडकला तर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. डुकाटोच्या बऱ्याच मॉडेलांत निगेटिव्हला हाताने सुटणारा खटका असतो, तिथे पानाही लागत नाही.

निगेटिव्हला फडकं गुंडाळून बाजूला वळवा. मग पॉझिटिव्हचं झाकण उघडा, क्लॅम्प सोडवा. आता मीटर लावा: मोकळा लाल क्लॅम्प आणि चेसिसचा उघडा धातू यांच्यात शून्याच्या जवळपास दिसायला हवं. 12 किंवा 13 दिसलं तर कुठलीतरी वाट उघडी राहिली. थांबा, शोधा. शून्य दिसलं तरी लाल क्लॅम्पला रबरी मोजा घाला.

वायूची नळी काढा. पकडीचा बोल्ट सोडा. बॅटरी उचलायची: 95 ची ओली 22 ते 24 किलोंची, एजीएम 26 च्या घरात. वाकून, हात लांब करून खड्ड्यातून काढायची असल्याने पाठीला ती दुप्पट जड लागते. गुडघ्यांवर बसा, बॅटरीची मूठ धरा, दुसऱ्या कुणाला तरी मदतीला घ्या. ओली बॅटरी तिरपी करू नका.

खड्डा कोरडा करा. पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस यायचा थांबला की आम्ल मेलं. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. क्लॅम्पचा आतला भाग ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. खाली पाणी साचलेलं आढळलं तर ते कुठून येतं तेही बघून घ्या. फरशीखालच्या खड्ड्यांचा निचरा पानांनी तुंबतो.

बसवणं

नवी खड्ड्यात उतरवण्याआधी दोनदा बघा: पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला? उलट जोडलं तर अल्टरनेटरचे (इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचे) डायोड आणि मुख्य फ्यूज क्षणात जातात. कंपन्यांनी यासाठी पॉझिटिव्हची खुंटी थोडी जाड ठेवली आहे, बुडाशी 19.5 मिलिमीटर, निगेटिव्ह 17.9. म्हणून क्लॅम्प बसत नसेल तर ठोकू नका. बहुधा तो चुकीच्या खुंटीवर आहे.

आधी पकड घट्ट करा. बॅटरी हाताने हलता कामा नये. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल बॅटरीच्या प्लेटा झडतात. मग वायूची नळी जोडा, ती कुठे दुमडली नाही ना बघा, दुसऱ्या भोकात बूच लावा. हे पायरीक्रमात विसरायला सगळ्यात सोपं आणि महागात पडणारं.

मग पॉझिटिव्ह, फोटोत होत्या तितक्या सगळ्या तारा. क्लॅम्प खुंटीवर पुरता खाली बसवा आणि आवळा. शिसं मऊ असतं. ताकद लावून आवळलं तर खुंटीच फिरते. हाताने क्लॅम्प फिरत नाही, एवढं घट्ट पुरे. झाकण लावा. शेवटी निगेटिव्ह. टेकताना बारीक ठिणगी उडेल, ते संगणक जागे होत आहेत. मोठी ठिणगी उडाली तर काहीतरी चालू राहिलं आहे. लगेच काढा आणि शोधा. जेली सगळं घट्ट झाल्यावर वरून लावायची, खुंटी आणि क्लॅम्पच्या मध्ये नव्हे.

इथून उलटा क्रम: दुव्याचा फ्यूज किंवा घराचा निगेटिव्ह, मग घराचा स्विच. सोलर आणि शेवटी बाहेरची वीज मात्र पहिल्या सुरुवातीनंतरच.

पहिली सुरुवात

बाहेरची वीज आणि सोलर जोडायच्या आधीच किल्ली फिरवून बघा, म्हणजे मीटरवर गाडीचंच चित्र दिसेल. इंजिन चालू झाल्यावर टोकांवर साधारण 13.8 ते 14.7 व्होल्ट यायला हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून वर-खाली होतो, त्यामुळे एखादा क्षण कमी दिसला तर घाबरू नका, थोडं फिरवून पुन्हा मोजा. मग घराच्या बॅटरीवर मीटर लावा. तिचा आकडाही चढला तर दुवा ठीक आहे.

स्थिरतेच्या यंत्रणेचा दिवा सुरुवातीला पेटलेला राहू शकतो. थोडं चालवल्यावर, किंवा स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर तो बहुधा जातो. खिडक्या एका दाबात वर जाणं विसरल्या असतील: पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. सिग्नलला इंजिन बंद होणं काही तास किंवा एक-दोन दिवस चालणार नाही. सेन्सरला नवी बॅटरी ओळखायला वेळ लागतो. काही गाड्यांत नवी बॅटरी उपकरण लावून नोंदवावी लागते. मॅन्युअल तसं म्हणत असेल तर ते टाळू नका, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुन्या हिशोबाने चार्ज करत राहते.

सेन्सर असलेल्या गाडीत पुढे कधी चार्जर किंवा जंपची केबल लावाल तेव्हा काळा चिमटा बॅटरीच्या खुंटीवर न लावता बॉडीच्या अर्थिंगच्या जागी लावा. म्हणजे करंट सेन्सरमधून जातो आणि त्याचा हिशोब चुकत नाही.

मग जुनी का गेली?

मोटरहोमची स्टार्टर बॅटरी बहुतेक वेळा झिजून नाही, उभी राहून मरते. अलार्म, ट्रॅकर, संगणक मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास. सहा आठवड्यांत 50 च्या वर, म्हणजे 95 ची बॅटरी निम्म्याहून खाली. तशी ती पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ताकद कायमची जाते. त्यातून कित्येक गाड्यांत बाहेरची वीज जोडली तरी चार्जर फक्त घराची बॅटरी भरतो. मालकाला वाटतं केबल लावलीय म्हणजे दोघीही सुखात. आधी बघा: केबल जोडून तासाभराने स्टार्टर बॅटरीवरचं व्होल्टेज चढतं का? नाही चढलं तर दोन्हींमध्ये थोडा करंट सोडणारं उपकरण बसवून घेता येतं, किंवा दोन शाखा असलेला सोलर कंट्रोलर.

नवी बसवल्यावर गळती एकदा मोजून घ्या. नवख्याने निगेटिव्ह सोडवून मध्ये मीटर लावण्यापेक्षा तारेभोवती अडकवून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा. मीटर मध्ये असताना चुकून कुणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. सगळी दारं बंद, किल्ली लांब ठेवून अर्धा-पाऊण तास थांबून मोजा. बॉनेट किंवा दार उघडं ठेवावं लागलं तर त्याचा खटका पेचकसाने बंद करून गाडीला ‘बंद आहे’ असं भासवा. 50 मिलिअँपिअरच्या बरंच वर दिसलं तर एकेक फ्यूज काढून बघा. बऱ्याचदा चोर घरवाल्या बाजूचाच निघतो: नंतर बसवलेला मागचा कॅमेरा, दुसरा रेडिओ, पायरीचा कंट्रोल.

जुनी बॅटरी उभीच ठेवून, पॉझिटिव्हवर टेप लावून न्या आणि नवी घेतली तिथेच परत द्या. आत शिसं आणि आम्ल आहे, कचऱ्यात टाकायची ती वस्तू नाही, आणि त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात. आठवडाभराने एकदा झाकण उघडून क्लॅम्प आणि पकडीचा बोल्ट हाताने हलवून बघा. पहिल्या काही शे किलोमीटरच्या हादऱ्यांत ते सैल होतात.